पुण्या-सुरतेत राहून खान्देशात जागा घेताना

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा दिवाळीत गावी आलेला नोकरदार म्हणजे प्लॉटवाल्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. खात्यात बोनस, हाताशी चार दिवस आणि गावाकडे आपलं काहीतरी असावं ही जुनी हौस. मामेभाऊ गाडी काढतो, "दादा, नुसतं बघून तर ये" म्हणतो. बायपासजवळच्या शेतात फक्कीच्या रेघा आणि रंगीत झेंडे दिसतात. संध्याकाळी चहा संपेपर्यंत पन्नास हजारांचं टोकन गेलेलं असतं. "सौदा व्हई गया, आते काय देखनं?" म्हणून सगळे जेवायला बसतात. कागद बघायची आठवण सुट्टी संपल्यावर होते, तीही तीन-चारशे किलोमीटरवरून.

पुणे, मुंबई, नाशिक, सुरत किंवा परदेशात राहून जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांत गुंतवणूक म्हणून जागा घेऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. अंतरापेक्षा एकाच माणसावर सगळं सोपवण्यातच दूरचा गिऱ्हाईक बुडतो. जागा दाखवणारा वेगळा, कागद तपासणारा वेगळा आणि पुढे जागा राखणारा वेगळा, एवढं पाळलं तर निम्मं काम झालं. पहिल्याला सौदा झाला तरच पैसे मिळतात, त्यामुळे दुसरा माणूस त्याच्या ओळखीतला असून चालत नाही. "वकील आपलाच आहे, काळजी नको" हे वाक्य एजंटने म्हटलं की वकील बदला.

आधी ठरवा: दुरून काय सांभाळता येईल?

शेतजमीन, बिनशेती प्लॉट, फ्लॅट, दुकानाचा गाळा असे चार पर्याय साधारण समोर येतात. स्वस्त काय मिळतं यापेक्षा लांब राहून काय राखता येईल हे आधी बघा.

शेतजमिनीला दारातच अडसर आहे. कूळकायद्याच्या कलम 63 मुळे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. परदेशात स्थायिक झालेल्यांना, म्हणजे एनआरआयना, परकीय चलनाच्या नियमांनुसार शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, फ्लॅट किंवा गाळाही घेता येतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या पुष्कळांची वडिलोपार्जित शेती गावी असते, पण वडील गेल्यावर वारसनोंद करायची राहून गेलेली असते. शेती घ्यायचा विचार असेल तर नवी जमीन शोधण्याआधी स्वतःचं नाव गावच्या सातबाऱ्यावर लावून घ्या. शेतकरी असल्याचा तोच पुरावा.

बरं, घेतली तरी ती कसणार कोण? रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात भाव ऐकूनच घाम फुटतो, आणि केळी हे रोज डोळ्यात तेल घालून करायचं पीक. आखाजीला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, ठरवून वर्षभर फोनवर शेती करणारे मी पाहिले आहेत. त्यांची हौस फिटते, त्याला परतावा म्हणता येत नाही. गावात सख्खा भाऊ शेती करत असेल तर गोष्ट वेगळी.

फ्लॅटचा हिशेब कागदावर मांडा. समजा जळगावात 30 लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आणि महिना 8,000 भाडं आलं. वर्षाचे 96,000, म्हणजे 3.2 टक्के. त्यातून एक महिना रिकामा गेला, घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि रंगरंगोटीचे मिळून 20,000 गेले, तर हातात 68,000 उरले. परतावा सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फ्लॅट भाड्यासाठी घेत असाल तर बँकेतली ठेवसुद्धा पुढे आहे. भाव वाढेल या आशेवरच तो घेतला जातो, आणि तालुक्याच्या गावी जुन्या फ्लॅटला उठाव कमी असतो. लोकांना स्वतःची जमीन आणि वरती गच्ची हवी असते.

गाळ्याचं उत्पन्न बरं, पण चालत्या रस्त्यावरचाच. "पुढे इथे मार्केट होणार आहे" या बोलीवर घेतलेले गाळे वर्षानुवर्षं शटर पाडून असतात.

राहिला बिनशेती प्लॉट. तो महिन्याला काही देत नाही, पण खातही फारसं नाही. दूर राहणाऱ्यांचा कल त्याकडेच असतो आणि फसवणूकही तिथेच जास्त होते, म्हणून पुढचं बरंच लिखाण प्लॉटबद्दल आहे.

भाव एजंटला विचारू नका

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथे गाव आणि गट नंबर टाकला की त्या गटातल्या नोंदलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक 2 दिसते. कोणी कोणाला, कधी, केवढं क्षेत्र, किती मोबदल्यात दिलं, सगळं त्यात असतं. शेजारच्या दोन-तीन गटांचेही व्यवहार काढा. त्याच संकेतस्थळावर रेडीरेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेले, दरही आहेत. कागदावरचा मोबदला नेहमी खरा नसतो हे मान्य, तरी एजंट चौरस फुटाला अमुक भाव "चालू आहे" म्हणतो आणि दोन वर्षांतली नोंदलेली खरेदी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याला झालेली दिसते, तेव्हा बोलणी कुठून सुरू करायची ते कळतं.

मोजमापात एक गडबड कायम होते. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, बोलणी गुंठ्यात आणि भाव चौरस फुटात. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1,076 चौरस फूट. गुंठा 1,089 चौरस फुटांचा. एका प्लॉटला हा फरक किरकोळ आहे, एकराला मात्र पाचशे चौरस फुटांपर्यंत जातो.

प्रकल्पांच्या नावावर वाढवलेल्या भावाबद्दल जरा सावध. मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. तो धुळ्यावरून जातो, आणि तेव्हापासून या पट्ट्यातली पडीक जमीनही "स्टेशनजवळची" झाली आहे. धुळे-नरडाणा औद्योगिक पट्ट्याचं नाव दिल्ली-मुंबई कॉरिडॉरच्या आराखड्यात आल्यापासून असाच गाजावाजा आहे. प्रकल्प खरे असतात, पण त्यांचा वेग तुमच्या हप्त्यांना विचारत नाही. शिवाय रेल्वे किंवा महामार्गासाठी ज्या गटांच्या भूसंपादनाची अधिसूचना निघाली त्यांचे नंबर राजपत्रात असतात. घ्यायचा गट त्या यादीत निघाला तर तुम्ही प्लॉट घेत नसून मोबदल्याचं भांडण विकत घेत आहात.

सातबारा घरबसल्या वाचा

सातबारा एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला नको, स्वतः काढलेला हवा. महाभूलेखवर नाशिक विभाग निवडा, कारण आपले तिन्ही जिल्हे त्यातच येतात. बघण्यापुरता तो फुकट दिसतो. डिजिटल सहीचा, कामकाजाला चालणारा उतारा नाममात्र शुल्क भरून महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो. सोबत 8अ चा उताराही घ्या. त्या खातेदाराची गावात एकूण किती जमीन आहे ते त्यात कळतं. शहराच्या हद्दीत सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक लागतं.

आता तो शांतपणे वाचा.

वरच्या भागात भूधारणा पद्धती असते. "भोगवटादार वर्ग 1" असेल तर पुढे जा. "वर्ग 2" दिसलं तर थांबा. ही जमीन सरकारने कधीतरी कोणाला दिलेली असते: इनाम, वतन, भूमिहीनांना वाटप, धरणग्रस्तांचं पुनर्वसन. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. तळोदा-शहादा भागात सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या वसाहती आहेत, उकाईचेही विस्थापित आहेत, त्यामुळे आपल्याकडे वर्ग 2 नवलाईची गोष्ट नाही. "वर्ग 1 करून देतो, फाईल टाकली आहे" असं कोणी म्हटलं तर त्याला सांगा, "आदेश आला की फोन करा, तेव्हा बोलू."

मग खातेदारांची नावं. कंसातलं किंवा खोडलेलं नाव म्हणजे हक्क गेलेली व्यक्ती. उरलेल्यांत भाऊ आहेत, पण बहिणी दिसत नाहीत, तर विचारा. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. सुरतला दिलेल्या दोन बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं आहे का? "आमच्या बहिणी काही मागत नाहीत" ही घरातली गोष्ट झाली. भाऊबंदकी पेटायला एक भाचा वकील झालेला पुरतो.

उजवीकडचा "इतर हक्क" हा रकाना मी सगळ्यात आधी वाचतो. विविध कार्यकारी सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क, न्यायालयाचा मनाई हुकूम, आदिवासी जमिनीचा शेरा, सगळं इथेच. पीककर्जाचा बोजा ही मोठी गोष्ट नाही. तो फेडून, बेबाकी दाखला घेऊन कमी करता येतो, फक्त ते खरेदीच्या आधी व्हायला हवं. कुळाचं नाव मात्र जुनं आहे म्हणून सोडून देऊ नका.

उताऱ्याच्या शेवटी "प्रलंबित फेरफार" आहे की नाही ते लिहिलेलं असतं. फेरफार म्हणजे मालकी-हक्कातल्या बदलाची नोंद. "आहे" असेल तर काहीतरी घडतं आहे. त्याच जमिनीचा सौदा दुसऱ्याशी झालेला असू शकतो. आपली चावडी या संकेतस्थळावर गावनिहाय फेरफारांच्या नोटिसा लागतात. पूर्वी त्या तलाठी कार्यालयाच्या फळ्यावर असायच्या आणि बाहेरगावच्या माणसाला पत्ताच लागत नसे. सौद्याच्या आधी आणि नंतरही ही जागा अधूनमधून उघडून बघा.

मग फेरफारांची साखळी. प्रत्येक नावापुढे फेरफार क्रमांक असतो. आजच्या मालकाकडून मागे मागे जात तीसेक वर्षांपर्यंत प्रत्येक फेरफाराची नक्कल काढायची: वाटणी, वारस, खरेदी, बक्षीस, मृत्युपत्र. काही जुने अभिलेख स्कॅन होऊन ऑनलाइन आले आहेत, बाकीचे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळतात. इथे स्थानिक माणूस लागतो, आणि हे काम तुमच्या वकिलाच्या कारकुनाने करावं, एजंटच्या पोराने नव्हे.

बिनशेती, ले-आउट आणि "सामायिक" नावाची मेख

"एनए प्लॉट" म्हणून विकली जाणारी प्रत्येक जागा बिनशेती नसते. तीन कागद मागा: बिनशेती आदेश किंवा सनद, मंजूर ले-आउटचा शिक्का असलेला नकाशा, आणि त्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. ले-आउटला आधी तात्पुरती मंजुरी मिळते. रस्ते, गटारी, मोकळी जागा प्रत्यक्ष झाल्यावर अंतिम. विक्री मात्र बरेचदा तात्पुरत्या मंजुरीवरच सुरू होते. नकाशात बाग दाखवलेल्या जागेवर पुढे प्लॉट पडतात ते याच टप्प्यात. तुम्हाला दाखवलेला प्लॉट नंबर नकाशात कुठे आहे ते बोट ठेवून बघा. मोकळ्या जागेवर किंवा रस्त्यात तर येत नाही ना?

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन, कायद्यानुसार 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे छोटे प्रकल्प वगळता बाकीचे महारेरात नोंदवावे लागतात, आणि प्लॉट पाडून विकणंही त्यात येतं. नोंदणी क्रमांक घेऊन महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाका. जमिनीचे कागद, मंजुऱ्या, प्रवर्तकाची माहिती आणि प्रकल्पावरचे दावे तिथे बघायला मिळतात. नोंदणीकृत प्रकल्पात करार नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. एजंटलाही रेरा नोंदणी लागते. हा प्रश्न विचारला की निम्मे एजंट विषय बदलतात.

सगळ्यात महागात पडते ती सामायिक खरेदी. तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान शेतजमिनीचा तुकडा विकता येत नाही. 2023 पासून राज्याच्या बहुतेक भागात ही मर्यादा जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे. दीड-दोन गुंठे विकायचे तर मग दहा-बारा जणांच्या नावे एकच खरेदीखत करायचं अशी शक्कल निघाली. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं एकत्र लागतात, पण कोणाचा तुकडा कुठे हे कुठेच लिहिलेलं नसतं. जागेवर खांब रोवलेले असतात, एवढाच पुरावा. एकाने विकायचं ठरवलं की बाकीच्यांच्या सह्या आल्याच. 2025 मध्ये शासनाने तुकडेबंदीत सवलती दिल्या, त्यांचा दाखला देऊन आता "सगळं नियमित होतं" असं सांगितलं जातं. तुमच्या गटाचा झोन कोणता आणि सवलत त्याला लागू आहे का, हे एजंटच्या तोंडून नको, नगररचना कार्यालयाच्या झोन दाखल्यावरून ठरू द्या. स्वतंत्र उतारा नसेल तर मी तरी टोकनही देणार नाही.

नंदुरबार आणि सातपुड्याचा पायथा

नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव हे तालुके, तसंच नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली काही गावं अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रात येतात. पण खरा नियम क्षेत्राचा नसून माणसाचा आहे. महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि त्यासाठी शासनाची पूर्वमान्यता लागते. जमीन वर्ग 1 असली तरीही, जळगाव शहरालगत असली तरीही. परवानगीशिवायचा व्यवहार रद्द होऊन जमीन परत जाऊ शकते. त्यावर पळवाट म्हणून 99 वर्षांचा भाडेपट्टा किंवा कुलमुखत्यारपत्र सुचवलं जातं. भाडेपट्टाही याच कलमात बसतो. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी ज्याची जमीन पिढ्यान्‌पिढ्या लुबाडली गेली त्याच्याच जमिनीत गुंतवणूक शोधू नये, असं माझं मत.

एकदा जा, आणि शक्यतो पावसात

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो तेव्हा प्रत्येक जागा कोरडी, सपाट आणि चांगली दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. तापी, गिरणा, पांझरा किंवा साध्या नाल्याच्या काठची जागा असेल तर पाणी कुठवर आलं याच्या खुणा कुंपणाच्या तारेला अडकलेल्या पाल्यापाचोळ्यावरून दिसतात. निळ्या आणि लाल पूररेषेची चौकशी पाटबंधारे किंवा नगररचना कार्यालयात करा.

मातीकडे बघा. तापीखोऱ्यातली काळी माती कपाशी-केळीला सोनं आहे, बांधकामाला डोकेदुखी. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि उथळ पायावरच्या भिंती तडकतात. शेजारी कोणी घर बांधलं असेल तर जाऊन विचारा, "काका, पाया किती खोल नेला? मुरूम कुठे लागला?" हे उत्तर मिळालं की तुमच्या पुढच्या खर्चाचा अंदाज येतो, आणि काका बोलके निघाले तर मूळ मालकाच्या घरातली वाटणी, कोर्टकज्जे, मागे फिसकटलेला सौदा हेही कळतं. एजंटला सोबत न नेता जाण्याचा फायदा तोच.

आणखी विचारण्यासारखं: पाणी किती दिवसांआड येतं, बोअरला किती फुटांवर लागलं, एप्रिलनंतर टिकतं का. आपल्याकडे भाडेकरू फ्लॅट बघायला आला की हॉल किती मोठा हे नंतर, आधी पाण्याचं आणि कूलर बसवायच्या खिडकीचं विचारतो. वरच्या मजल्यावरचा, पश्चिमेच्या उन्हात तापणारा फ्लॅट त्यामुळे स्वस्त मिळतो आणि तसाच रिकामा राहतो.

खुणा, खांब, झेंडे यांवर विश्वास नको. भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी मागा. अर्ज खातेदारानेच करायचा असतो, म्हणून सौदापावतीतच लिहून घ्या की मोजणी विक्रेता करून देईल आणि क्षेत्र कमी भरलं तर रक्कम त्या प्रमाणात कमी होईल.

येणं शक्यच नसेल तर व्हिडिओ कॉलवर माणूस उभा करा, पण मुख्य रस्त्यापासून जागेपर्यंत कॅमेरा बंद न करता चालायला सांगा. मधला रस्ता कोणाच्या शेतातून जातो ते कापलेल्या व्हिडिओत कधीच दिसत नाही.

वकील, जाहीर नोटीस आणि बँकेची दुसरी नजर

वकील त्या तालुक्याच्या कोर्टात काम करणारा, दिवाणी आणि महसुली प्रकरणं बघणारा निवडा. फी तुम्ही द्या, थेट द्या. त्याच्याकडून लेखी शोध अहवाल घ्या, आणि त्यात "टायटल क्लिअर आहे" एवढं एक वाक्य नको, प्रत्येक हस्तांतरणाचा दस्त आणि फेरफार क्रमांकासकट हवा. विक्रेत्याच्या नावाने ई-कोर्टवर दिवाणी दावा आणि महसूल विभागाच्या न्यायप्रकरणांत अपील शोधायला सांगा. जाहीर नोटीस त्या तालुक्यात खरोखर वाचल्या जाणाऱ्या दैनिकात द्या. कोणी न पाहणाऱ्या पेपरात कोपऱ्यात छापलेली नोटीस ही फक्त फाईलची भरती.

पैसे रोख उभे असले तरी थोडं कर्ज काढण्याचा विचार करा. बँक तिचा वकील आणि तिचा मूल्यांकनकार लावते. ती तुमच्यासाठी तपासत नाही, स्वतःसाठी तपासते, पण बँकेने नाकारलेली जागा तुम्ही का घ्यावी?

पैसे देण्याची शिस्त

टोकन लहान, धनादेशाने किंवा बँकेतून, आणि सौदापावतीवर अट घालून: कागद सदोष निघाले तर रक्कम ठरावीक दिवसांत परत. जागेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो. विक्रेता "अर्धे रोख" म्हणत असेल तर ही तरतूद त्याला सांगा. तुमची अडचण वेगळी: रोख दिलेल्या रकमेचा पुरावा नाही, आणि पुढे विकताना तुमची खरेदी किंमत कागदावर कमी, म्हणून कर जास्त.

मोबदला 50 लाख किंवा जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस कापून भरणं खरेदीदाराचं काम आहे. विक्रेता परदेशस्थ असेल तर दर वेगळा आणि बराच जास्त, तिथे सीएला विचारल्याशिवाय एकही हप्ता देऊ नका.

खर्चाचा अंदाज: मुद्रांक शुल्क आपल्या भागात स्थानिक अधिभार धरून 5 ते 6 टक्क्यांच्या घरात, करारातली रक्कम आणि रेडीरेकनर यांतली जी जास्त तिच्यावर. नोंदणी फी 1 टक्का, कमाल 30,000. निवासी सदनिका महिलेच्या नावे घेतली तर मुद्रांकात 1 टक्का सवलत आहे.

विक्रेत्याऐवजी मुखत्यार सही करणार असेल तर मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का, त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट आहे का, आणि देणारा हयात आहे का, हे बघा. त्याच्याशी व्हिडिओवर बोलून घ्या. नुसतं मुखत्यारपत्र, साठेखत (विक्रीचा करार) आणि ताबापावती यांवर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगून ठेवलं आहे. तुम्हालाच येता येत नसेल तर घरच्या माणसाला फक्त त्या एका गटापुरतं, फक्त खरेदी आणि नोंदणीपुरतं मुखत्यारपत्र द्या. विकण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार त्यात नको. मामेभाऊ कितीही जवळचा असला तरी.

खरेदीखत झालं, काम नाही

नोंदणीनंतर सूची क्रमांक 2 घ्या आणि फेरफाराच्या मागे लागा. माहिती दुय्यम निबंधकाकडून ऑनलाइन जाते, तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, नोंद धरतात, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. हे आपोआप होतं असं म्हणतात. तुम्ही मात्र महिन्याने सातबारा काढून नाव आलं का ते पाहा. घरपट्टीलाही नाव लावा. हे राहिलं की जुना मालक कागदावर मालकच राहतो, आणि त्याच्या नावाचा उतारा दाखवून तीच जागा दुसऱ्याला विकल्याच्या गोष्टी प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतात.

मग राखण. चारही कोपऱ्यांना सिमेंटचे खांब, तारेचं कुंपण, नावाची पाटी. लक्ष ठेवायला जवळपास राहणारं कोणी निवडा, निवृत्त शिक्षक, किराणा दुकानदार, आणि वर्षाला ठरवून पैसे द्या. फुकटात केलेलं काम विचारता येत नाही. दर तीन महिन्यांनी चारही कोपऱ्यांचे तारीख आणि ठिकाण दिसणारे फोटो मागवा. कोणी गुरं बांधली, कडबा रचला, विटा टाकल्या तर हसून सोडू नका, लेखी कळवा. दुसऱ्याचा उघड, सलग आणि मालकाविरुद्धचा ताबा 12 वर्षं चालू राहिला तर प्रतिकूल ताब्याचा दावा उभा राहू शकतो. शेती कोणाला बटाईने दिली तर दर वर्षी नवा कागद करा, आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकांच्या ऑनलाइन नोंदीत, कोणाचं नाव लागतं ते तपासा.

फ्लॅट-गाळा भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं मालकाची जबाबदारी आहे, आणि ते दोन्ही पक्षांच्या आधारवर घरबसल्या ऑनलाइन होतं. भाडं गावातल्या माणसाच्या हाती रोख न येता थेट खात्यात यावं. भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते.

विकताना: 24 महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या प्लॉट-फ्लॅटच्या नफ्यावर 23 जुलै 2024 पासून 12.5 टक्के कर आहे, महागाई निर्देशांकाचा फायदा न घेता. त्याआधी घेतलेल्या जागेला निवासी व्यक्तींसाठी निर्देशांकासह 20 टक्क्यांचा पर्याय आहे, दोन्ही हिशेब काढून कमी तो भरायचा. नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ता धरलीच जात नाही. हे अंतर लोकसंख्येनुसार 2, 6 किंवा 8 किलोमीटर असतं, म्हणून विकायच्या आधी तहसीलदारांकडून अंतराचा दाखला घेऊन सीएच्या हाती द्या.